चार गिअर की पाच?

लग्नघरी नवरानवरीची चौकशी सगळेच करतात. कोठीच्या खोलीच्या किल्ल्या कोणाकडे होत्या, हे कोणी विचारीत नाही. मोटारींच्या शर्यतीचेही असेच आहे. इंजिन किती अश्वशक्तीचे, वेग किती, चालक कोण, हे मला पुष्कळांनी विचारले आहे. गाडीला गिअर कोणते बसवले होते, असा प्रश्न मात्र आजवर एकानेही केलेला नाही. आणि गंमत अशी, की १९७० साली फ्रान्समधील ल मान्स येथे झालेल्या प्रसिद्ध शर्यतीचे मर्म बऱ्याच अंशी या न विचारलेल्या प्रश्नातच आहे.

ही शर्यत चोवीस तासांची. तेवढ्या वेळात ज्याची गाडी सर्वांत जास्त अंतर तोडील तो जिंकला. त्या वेळी एक फेरी सुमारे साडेतेरा किलोमीटरची होती आणि तिच्यात जवळजवळ सहा किलोमीटरचा एक सरळसोट रस्ता होता. एरवी त्यावरून गावकऱ्यांच्या गाड्या जात. (१९९० मध्ये त्यावर मुद्दाम दोन वाकणे घातली, तेव्हा चालकांच्या घरच्यांनी सुटकेचा श्वास टाकला असेल!) या सरळ रस्त्यावर गाडी बाणासारखी सुटायची आणि टोकाला म्युल्सानच्या काटकोनी वळणावर एकदम गरीब गाय होऊन वळायची. पुढे आर्नाजचे वळण आणखीच सावकाशीचे.

एकाच गाडीने ही दोन्ही सोंगे वठवायची कशी? इंजिनाचा स्वभाव तर हट्टी. पोर्श ९१७ या गाडीचे बारा सिलिंडरांचे इंजिन साडेपाचशेहून अधिक अश्वशक्ती देई. पण ती फेरे भरपूर असतील तेव्हाच. फेरे कमी झाले की ते रुसते. फार वाढले तर झडपा वेळेवर मिटत नाहीत, दट्ट्या त्यांवर आदळतो आणि सारा खेळ आटोपतो. म्हणून इंजिन आणि चाके यांच्यामध्ये दंतचक्रांची पेटी हवी.

थोडा हिशेब करू या. पाचवीतल्या मुलालाही जमेल असा आहे. समजा, चाकाचा घेर दोन मीटर आहे आणि इंजिनाने मिनिटाला ८,००० फेऱ्यांपुढे जायचे नाही. वरच्या गिअरात इंजिनाच्या आठ फेऱ्यांना चाकाच्या तीन फेऱ्या बसवल्या, तर चाक मिनिटाला ३,००० वेळा फिरेल, गाडी सहा किलोमीटर जाईल. म्हणजे वेग झाला ताशी ३६०. आता वाऱ्याच्या विरोधामुळे गाडी प्रत्यक्षात ३३०च्या वर जातच नसेल, तर इंजिन आपल्या भरात कधी येणारच नाही. उलट गिअर ३२०चा ठेवला, तर निम्म्या रस्त्यातच मर्यादा गाठली जाईल आणि उरलेला रस्ता पाय आवरून काढावा लागेल.

वरचा गिअर ठरला, आता खालचा. ताशी १४० वर संपणारा पहिला गिअर आणि ३६० वर संपणारा शेवटचा, हा झाला जिना. चार पायऱ्यांत तो सारखा वाटला, तर दर बदलाला इंजिनाचे फेरे ८,००० वरून सुमारे ५,८०० वर घसरतात. पाच पायऱ्या केल्या, तर ६,३०० वर. किंवा वरचे चार तसेच ठेवून खाली ताशी शंभराचा एक जादा गिअर घालता येतो. मग आर्नाजच्या वळणातून गाडी झेप घेत बाहेर पडते. खऱ्या पेटीत वरच्या पायऱ्या जवळजवळ ठेवतात, कारण वेग दुप्पट झाला की वाऱ्याला रेटायला आठपट शक्ती लागते. पण मुद्दा तोच. कागदावर पाच गिअर केव्हाही सरस.

तरीही पोर्श साल्झबर्ग संघाचा तीस वर्षांचा इंग्रज चालक रिचर्ड ॲटवुड याने चार मागितले. काय हवे असे त्याला विचारण्यात आले होते. त्याने साडेचार लिटरचे जुने इंजिन, आखूड शेपटीची गाडी आणि जोडीला बेचाळीस वर्षांचा हान्स हेरमान मागून घेतला. यातले एकही ताऱ्यासारखे चमकणारे नव्हते, सारे टिकाऊ. गिअरपेटीचेही तसेच. तेवढ्याच जागेत चक्रांच्या जोड्या कमी, म्हणजे प्रत्येक चक्र रुंद आणि दाते दणकट. शिवाय गिअर बदलण्याचे प्रसंग कमी, म्हणजे चुकण्याचेही कमी.

सरावात या शहाणपणाची किंमत दिसली. त्याच संघाच्या व्हिक एलफर्डने लांब शेपटीच्या, मोठ्या इंजिनाच्या गाडीने ३ मिनिटे १९.८ सेकंदांत फेरी मारून पहिला क्रमांक पटकावला. ॲटवुड-हेरमानांची गाडी बारा-तेरा सेकंदांनी मागे, पंधराव्या जागी! सावकाश वळणातून बाहेर पडताना लांब पहिला गिअर इंजिनाला दमवीत होता. आता आपल्याला आशा नाही असे वाटल्याचे ॲटवुडने पुढे कबूल केले आहे.

१३ जूनला शर्यत सुरू झाली आणि पावसाने झोडपायला सुरुवात केली. ओल्या रस्त्यावर जादा जोर चाके नुसती फिरवण्यातच जातो. लांब पहिल्या गिअरचा तोटा तिथे बराच बोथट झाला असावा असे मला वाटते. एकेक बडी गाडी गळू लागली. आघाडीवर असलेला जो सिफर्ट रात्री दुरुस्तीच्या कठड्यांसमोरून इतर गाड्यांना मागे टाकीत जात असता त्याचा गिअर पडला नाही. भार सुटलेले इंजिन क्षणार्धात मर्यादेपलीकडे गेले आणि फुटले. एलफर्डच्या गाडीचेही इंजिन पुढे निकामी झाले. शर्यतीत ५१ गाड्या सुटल्या होत्या. अखेर क्रमवारीत मोजल्या गेल्या अवघ्या सात.

पहिली आली ती २३ क्रमांकाची लाल-पांढरी गाडी. तिने ३४३ फेऱ्या पुऱ्या केल्या; दुसरी गाडी पाच फेऱ्या मागे राहिली. ल मान्सची ही शर्यत पोर्शने त्या दिवशी प्रथमच जिंकली. ॲटवुडच्या घशाखाली शर्यतीत दुधाशिवाय फारसे काही उतरत नव्हते. नंतर डॉक्टरांनी निदान केले, गालगुंड! आदल्याच वर्षी हेरमानचा विजय इक्सच्या गाडीने जेमतेम शंभर-सव्वाशे मीटरांनी हिरावला होता. या खेपेस ल मान्स जिंकलो तर शर्यती सोडीन, असा शब्द त्याने बायकोला दिला होता. त्याने तो पाळला.