खाटेवरच्या माणसाला कायदा कोण सांगणार?

बाजाराच्या दिवशी लोह्यात एक मावशी आमच्याकडे आल्या. हातात कागदांनी फुगलेली प्लास्टिकची पिशवी. नवरा लकव्याने तीन वर्षांपासून खाटेवर. उठवणे, धुणे, भरवणे सारे त्यांच्याच अंगावर. त्यामुळे मजुरी बुडाली. "वकीलसाहेब, एक म्हणतो नांदेडला जा, दुसरा म्हणतो तलाठ्याला भेटा. ह्यांना एकटं टाकून कुठं कुठं फिरावं?" पिशवीत उत्पन्नाचे चार दाखले निघाले. चारही मुदत संपलेले.

कायदा नाही असे मात्र कोणी म्हणू नये. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 चे कलम 38 पहा. 40 टक्के वा अधिक अपंगत्व असलेला माणूस, किंवा त्याच्या वतीने दुसरा कोणीही, दैनंदिन जगण्यासाठी विशेष साहाय्य मागू शकतो. मंडळाने गरज तपासायची, प्राधिकाऱ्याने व्यवस्था करायची. कलम 24 मध्ये तर अशांसाठी काळजीवाहू भत्त्याचाही उल्लेख आहे. पण तिथेच सरकारच्या आर्थिक कुवतीची मर्यादाही घातली आहे, आणि शासनाला नेमकी तेवढीच ओळ पाठ! संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांचे अनुदान 2025 मध्ये अडीच हजार झाले. त्यात औषधे आणायची की बुडालेली मजुरी भरून काढायची?

आमचा प्रश्न पैशाच्या आधीचा आहे. हे सारे मावशींना सांगणार कोण? विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या व्याख्येत कायदेशीर सल्लाही येतो. कलम 12 प्रमाणे अनुसूचित जाती-जमाती, स्त्रिया व अपंग त्याचे हक्कदार आहेत. पण पायरी चढून येईल त्याला तो सल्ला. जर्मनीत 2009 पासून काळजीची गरज असलेल्याला सल्लागार मिळण्याचा कायदेशीर हक्क आहे; मागितल्यास सल्लागार घरी येतो. आपल्याकडे अपंगांचे साहाय्य हा घटनेच्या राज्यसूचीतला नववा विषय आहे, अनुच्छेद 41 पाठीशी आहे. म्हणजे दिल्लीकडे बोट दाखवण्याची सोय मुंबईला नाही. 2022 मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग काढला, स्वागतच आहे. आता घरी जाऊन सल्ला देणारा माणूस प्रत्येक तालुक्याला देणारा कायदा विधिमंडळाने करावा.

तोवर आम्ही मावशींच्या नवऱ्याच्या वतीने कलम 38 चा अर्ज साध्या कागदावर लिहिला. आवक शिक्का मारून द्यायला कारकून कुरकुरला. पोच घेतल्याशिवाय आम्ही हललो नाही. तिची झेरॉक्स मावशींच्या पिशवीत आहे.