तारांखालचं घर आणि चुंबकीय क्षेत्राची भीती
वीज घरी येते तेव्हा : लेखांक ७

कोरब्याच्या औष्णिक केंद्रांतली वीज रायपूरपर्यंत आणि पुढे उरला-सिलतराच्या कारखान्यांपर्यंत कशी पोचते, हे मागच्या लेखात पाहिलं. आज त्या वाटेवर राहणाऱ्या माणसांचा प्रश्न. घराजवळून हाय टेन्शन लाइन जाते. तिच्या चुंबकीय क्षेत्रामुळे मुलांना रक्ताचा कर्करोग होईल का?

या भीतीला इतिहास आहे. १९७९ साली अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात नॅन्सी वर्थायमर आणि एड लीपर यांनी कर्करोगाने दगावलेल्या मुलांची घरं आणि त्यांच्याबाहेरच्या तारा यांची सांगड घातली. क्षेत्र मात्र त्यांनी प्रत्येक घरात मोजलं नव्हतं, तारांच्या प्रकारावरून अंदाज बांधला होता. पुढे प्रत्यक्ष मोजमापं झाली. २००० साली अनेक देशांची आकडेवारी एकत्र केल्यावर दिसलं की घरातलं सरासरी क्षेत्र ०.४ मायक्रोटेस्लापेक्षा जास्त असलेल्या मुलांमध्ये ल्युकेमियाचं प्रमाण साधारण दुप्पट होतं. पण अशी मुलं शंभरात एकही भरत नव्हती. एवढ्या थोड्या संख्येत योगायोग आणि निवडीतले दोष वेगळे काढणं अवघड असतं. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००२ मध्ये या क्षेत्राला ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात ठेवलं. शक्यता नाकारली नाही, सिद्धही मानली नाही.

त्यानंतरचा पुरावा भीती कमी करणारा आहे. ब्रिटनमध्ये १९६२ ते २००८ या काळातल्या नोंदी तपासल्या, तेव्हा लाइनजवळच्या घरांतला वाढीव धोका जुन्या दशकांत दिसला आणि पुढे ओसरत नाहीसा झाला. चुंबकीय क्षेत्र हेच कारण असतं, तर तो असा ओसरला नसता. शिवाय ५० हर्ट्झच्या क्षेत्रात क्ष-किरणांसारखी रेणूंचे बंध तोडण्याइतकी ऊर्जा नसते.

छत्तीसगडचं एक वेगळेपण इथे सांगायला हवं. इथल्या रायगढहून तमिळनाडूतल्या पुगलूरला जाणारी ८०० किलोव्होल्टची, ६००० मेगावॉटची लाइन एकदिश प्रवाहाची आहे. तिचं चुंबकीय क्षेत्र दर सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होत नाही. ते पृथ्वीच्या क्षेत्रासारखं स्थिर असतं. पूर्ण भार असताना तारांखाली ते काही दशक मायक्रोटेस्ला भरतं, म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राच्याच आसपास. स्थिर क्षेत्रासाठी सामान्य नागरिकांची आंतरराष्ट्रीय मर्यादा ४ लाख मायक्रोटेस्ला आहे.

नेहमीच्या ५० हर्ट्झच्या लाइनसाठी ही मर्यादा २०० मायक्रोटेस्ला आहे. मोठ्या लाइनच्या अगदी खाली साधारण २० पर्यंत क्षेत्र मिळतं आणि अंतर दुप्पट झालं की ते सुमारे चौथाईवर येतं. तारांखाली हातात धरलेली ट्यूबलाइट मंद उजळते ती चुंबकीय नव्हे, विद्युत क्षेत्रामुळे. ते क्षेत्र भिंती बऱ्याच अंशी अडवतात.

मग तारांखाली राहायला हरकत नाही का? आहे, आणि मोठी आहे. १३२ किलोव्होल्टच्या तारेला हात लागावा लागत नाही. पुरेसं जवळ गेलं की वीज हवेतूनच उडी घेते. नियमानुसार इमारत आणि ही तार यांत आडवं अंतर किमान २.९ मीटर आणि उभं ४.६ मीटर हवं. साध्या ११ किलोव्होल्टच्या तारेलाही आडवं अंतर १.२ मीटर लागतं. मे महिन्यात तारा तापून लांबतात आणि खाली झुकतात. अशा वेळी वरचा मजला चढवताना उभी केलेली लोखंडी सळई जीव घेते. म्हणूनच १३२ किलोव्होल्टच्या लाइनखाली २७ मीटर आणि २२० च्या लाइनखाली ३५ मीटर रुंदीचा पट्टा मोकळा ठेवायचा असतो. स्वस्त प्लॉट म्हणून याच पट्ट्यात गरिबांची घरं उभी राहतात, हे आपलं खरं सार्वजनिक आरोग्याचं दुखणं आहे.

तेव्हा प्लॉट घेण्याआधी लाइन किती किलोव्होल्टची आहे हे विचारा आणि अंतर स्वतः मोजा. तार झुकलेली दिसली तर वीज कंपनीला आणि विद्युत निरीक्षकांना लेखी कळवा. शंका असेल तर क्षेत्राचं मोजमाप मागा. ‘काही होत नाही’ एवढं तोंडी उत्तर पुरेसं मानू नका. शाळा आणि अंगणवाडीची जागा ठरवतानाच नगर नियोजनाने हा पट्टा टाळला, तर दोन्ही चिंता एकदमच मिटतात.

पुढच्या आठवड्यात : तारा जमिनीखालून नेल्या तर काय साधतं आणि त्याचा खर्च कोणी सोसायचा?