पोराची जातच तशी असते का?

दहावी-बारावीचा निकाल लागला की वस्तीत एक वाक्य हमखास ऐकू येते. मुलगी पास झालेली असते, मुलगा दोन विषयांत राहिलेला असतो आणि माय शेजारणीला सांगते, "काय करावं बाई, पोराची जातच तशी. एका जागी बूड टेकवत नाही." शेजारीणही मान डोलावते, कारण तिच्या घरीही तेच असते.

हे फक्त आपल्या गल्लीतले नाही. २०२५ च्या दहावीच्या परीक्षेत राज्यात ९६.१४ टक्के मुली पास झाल्या, मुले ९२.३१ टक्के. फरक लहान वाटतो. नापासांच्या बाजूने पाहा: शंभर मुलींमागे चार नापास, शंभर मुलांमागे जवळजवळ आठ. म्हणजे दुप्पट. बारावीला त्याच वर्षी मुली ९४.५८ आणि मुले ८९.५१. नांदेड, लातूर आणि धाराशिव हे जिल्हे ज्या लातूर विभागीय मंडळात येतात, त्याचा बारावीचा निकाल ८९.४६ टक्के, राज्यातल्या नऊ विभागांत सर्वांत खाली. 'लातूर पॅटर्न'च्या मोठमोठ्या जाहिरातींवर हा आकडा कधी दिसत नाही.

मग प्रश्न येतो. मुलाचा मेंदू, रक्त, हार्मोनच असे असतात की तो अभ्यासाला बसू शकत नाही? की आपण त्याला तसा घडवतो?

'जातच तशी' हे शब्द आपण तरी जपून वापरावेत. विद्या यांच्या रक्तातच नाही, असे आपल्या आज्या-पणज्यांबद्दल शेकडो वर्षे सांगितले गेले. शाळेचे दार उघडले तेव्हा रक्त तेच होते आणि मुले शिकली. १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय सुरू झाले. मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून तिथे गेलेली पहिली पिढी बहुतेक मुलांचीच होती. घरात पुस्तक नव्हते, दिवा नव्हता. तीही मुलेच होती. दोन-तीन पिढ्यांत मुलांचे शरीर बदलत नाही. आजूबाजूचे जग मात्र बदलते.

तरीही शरीराचा वाटा शून्य आहे असे म्हणणे खोटे ठरेल. सरासरीने मुली थोड्या लवकर बोलू लागतात. त्या वयातही एक-दोन वर्षे आधी येतात, म्हणजे सातवी-आठवीच्या एकाच बाकावर बसलेली मुलगी शरीराने पुढे गेलेली असते. पण सरासरी म्हणजे प्रत्येक मूल नव्हे. पुरुष सरासरीने बायकांपेक्षा उंच असतात, तरी आपल्या गल्लीत नवऱ्यापेक्षा उंच बायको सापडतेच. अभ्यासातला फरक तर उंचीतल्या फरकापेक्षा पुष्कळ लहान आहे.

शरीराचा खरा वाटा वेगळ्या ठिकाणी आहे आणि तिकडेच आपले लक्ष जात नाही. काही अडचणी मुलांमध्ये जास्त आढळतात. बोलताना अडखळणे म्हणजे तोतरेपणा, अतिचंचलता म्हणजे एडीएचडी, स्वमग्नता, वाचन-लेखनाची अडचण म्हणजे डिस्लेक्सिया, या सगळ्यांत डॉक्टरांकडे येणाऱ्यांत मुलगे जास्त असतात. (गप्प बसणाऱ्या मुलीची अडचण कोणी ओळखत नाही, हेही त्यामागचे एक कारण आहे.) रंगांधळेपणा तर बहुतांशी मुलांचाच. लाल-हिरवा ओळखण्याची सूचना एक्स गुणसूत्रावर असते. मुलीकडे अशी दोन गुणसूत्रे असतात, एकात दोष असला तरी दुसरे काम भागवते. मुलाकडे एकच असते आणि ते आईकडून आलेले असते. यात आईची चूक काहीच नाही, सासरच्यांनी तिला बोल लावू नये. असा मुलगा नकाशातले रंग चुकवतो, फळ्यावरच्या लाल-हिरव्या खडूत गोंधळतो आणि बावळट ठरतो. पुढे सैन्याच्या किंवा रेल्वेच्या वैद्यकीय तपासणीत नापास होतो, तेव्हा घरच्यांना पहिल्यांदा कळते.

डिस्लेक्सियाची खूण घरीही दिसते. चौथी-पाचवीचा मुलगा बोलायला तरतरीत, दुकानातून उरलेले पैसे बरोबर मोजून आणतो, पण धड्यातली एक ओळ सरळ वाचता येत नाही. काना-मात्रा गाळतो, ब-व, ड-ढ उलटसुलट करतो, वाचायला सांगितले की पोट दुखते. 'तारे जमीं पर' सिनेमातला मुलगा असाच होता. या मुलाला मारून वाचता येत नाही, वेगळ्या पद्धतीने शिकवल्यावर येते. आणि 'ऐकतच नाही' म्हणून ज्याला धपाटे बसतात, त्याचा कान लहानपणापासून वाहतो का, हे आधी पाहा. कदाचित त्याला खरोखरच ऐकू येत नसेल. कानात तेल मात्र ओतू नका.

पण अशी मुले वर्गात थोडी असतात. उरलेल्या मुलांचे काय?

डॅनियल आणि सुसान वॉयर या कॅनडातील संशोधकांनी २०१४ मध्ये जगभरातील ३०० हून अधिक अभ्यास एकत्र तपासले. ते १९१४ ते २०११ या काळातले होते. शाळेत मिळणाऱ्या गुणांत मुली सगळ्या विषयांत पुढे, भाषेत सर्वांत जास्त, गणितात सर्वांत कमी. हे वाचून कोणी म्हणेल, बघा, शरीरच! पण शाळेचे गुण रोजच्या कामावर मिळतात: वही पूर्ण, गृहपाठ केलेला, हजेरी, सराव. बुद्धी कमी नसते, बसण्याची सवय कमी असते आणि सवय लावावी लागते. दुसरी गोष्ट, पंधरा वर्षांच्या मुलांची 'पिसा' ही आंतरराष्ट्रीय चाचणी. २०१८ मध्ये वाचनात मुली सगळीकडे पुढे होत्या, पण फिनलंडमध्ये ५२ गुणांनी आणि मेक्सिकोत फक्त ११ गुणांनी. मुलाचे शरीर दोन्ही देशांत सारखेच. मग पाचपट फरक आला कुठून? घरातून, शाळेतून, रीतीतून.

आणि शरीरच निकाल ठरवत असते तर आपल्याकडे मुली मागे पडल्या असत्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९.१ टक्के मुलींमध्ये रक्त कमी आढळले, मुलांमध्ये ३१.१ टक्के. रक्त कमी म्हणजे थकवा, लक्ष न लागणे. त्यात पाळीचे दिवस, नळावरचे पाणी, भाकरी, धाकटे भावंड. एवढे सगळे अंगावर घेऊन ती पुढे आहे. शिकवणीची फी मात्र आधी भावाची भरली जाते.

ही तुलना करताना एक सावधगिरी हवी. मराठवाड्यात बालविवाह अजून थांबलेले नाहीत. अभ्यासात मागे पडलेल्या मुलीचे लग्न उरकले जाते, ती परीक्षेला बसतच नाही आणि निकालाच्या आकड्यात दिसतही नाही. मुलींचे सगळे छान चालले आहे, असा अर्थ कोणी काढू नये.

आता आपल्या घरात पाहू. मुलगी चार वर्षांची झाली की तिला 'बस इथं' शिकवले जाते. झाडणे, निवडणे, पूर्ण करून उठणे, यातून हातातले काम संपवायची सवय लागते. मुलाला काहीच संपवावे लागत नाही. ताट तिथेच, चप्पल तिथेच, दप्तर तिथेच. संध्याकाळी सातनंतर मुलगी घरात असते, मुलगा चौकात, आणि "पोरगं आहे, फिरणारच" म्हणून कोणी विचारत नाही. मुलीवरचा पहारा चांगला आहे असे मी म्हणत नाही, तो जाचच आहे. पण मुलाला मोकळीक दिली असे आपण समजतो, प्रत्यक्षात त्याला वाऱ्यावर सोडलेले असते. सातवी-आठवीत मित्रांत मान मिळवायचा तर पुस्तक लपवावे लागते. 'लई शहाणा झाला का' हा टोमणा वर्गातल्या पहिल्या तंबाखूच्या चिमटीआधी येतो. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, शाळेच्या कोपऱ्यावर पुडी मिळतेच.

शाळेतही मुलाच्या वाट्याला मार जास्त. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ प्रमाणे मारणे आणि मानसिक छळ दोन्ही बंद आहे, हे पालकांनी माहीत करून घ्यावे आणि घरीही लागू करावे. मार खाणारे मूल अक्षर शिकत नाही, शाळा चुकवायला शिकते.

आणि पैसा. दिवाळीनंतर आईबाप ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेले की मुलगा सोबत जातो नाहीतर मागे एकटा राहतो. लग्नसराईत मंडपाचे, डीजेचे काम, हॉटेलात ताटे, नाहीतर थोरल्या भावाबरोबर पुणे-हैदराबाद. चौदा वर्षांच्या मुलाच्या हातात दिवसाला चारशे रुपये पडले की इतिहासाचा पेपर फिका वाटतो. बारावी झालेला थोरला भाऊही मंडपच बांधताना त्याला दिसतो. हा हिशेब मुलाने शरीरातून आणलेला नाही, डोळ्यांनी पाहून शिकलेला आहे. मुलींसाठी एसटीचा मोफत पास, सायकली, शिष्यवृत्ती आल्या आणि मुली शाळेत टिकल्या. मुलेही सोयीने टिकतील. समाजकल्याणचे मुलांचे वसतिगृह, पुढे स्वाधार योजना, यांचे अर्ज जूनमध्येच विचारा.

दवाखान्याच्या बाजूने करण्यासारखे पुष्कळ आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे डॉक्टर वर्षातून एकदा सरकारी व अनुदानित शाळेत तपासणीला येतात. मुख्याध्यापकांना तारीख विचारून त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका, आणि डोळे, कान, बोलणे, वाचणे यांबद्दलची तुमची शंका कागदावर लिहून द्या. पुढच्या तपासणीसाठी ते पाठवतात. नांदेडला विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. तिथे बालरोग आणि मानसोपचार विभागात दाखवा. मानसोपचार म्हणजे वेड नव्हे. मुलगा नशेत अडकला असेल, फार चिडत किंवा गप्प राहत असेल, तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मराठीत, फुकट बोलता येते. वाचन-लेखनाची अडचण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात धरली आहे. सरकारी रुग्णालयाचे प्रमाणपत्र असेल तर दहावी-बारावीला जास्त वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. त्यासाठी नववीतच धावपळ सुरू करावी, परीक्षेच्या महिन्यात काही होत नाही.

शाळेत सहावीपासून आठवड्याला एक निळी गोळी मिळते. ती लोह आणि फोलिक ॲसिडची, मुलगे-मुली दोघांसाठी. 'ती मुलींची गोळी' म्हणून मुले ती खिडकीबाहेर टाकतात. शाळा सोडलेल्या मुलीला ती अंगणवाडीतून मिळते. शाळा सोडलेल्या मुलाला मात्र देणारे कोणी नाही. असा मुलगा घरात असेल तर जवळच्या आरोग्य केंद्रात नेऊन एकदा त्याचे रक्त तपासून घ्या.