कड्याच्या टोकावर किती बांधावं?

सज्जा बांधायचा तो दृश्य दाखवण्यासाठी, असं आपण धरून चालतो. पण दरी तर आधीपासून तिथं आहेच. ती दिसायला पोलाद लागत नाही. कड्यावर काही बांधायची वेळ येते ती माणसांच्या पायांमुळे. रोज शेकडो माणसं एकाच टोकाकडे चालू लागली की आधी गवत जातं, मग माती जाते, झाडांची मुळं उघडी पडतात. आणि त्यातलाच कुणी बऱ्या फोटोच्या नादात सुटलेल्या दगडावर जाऊन उभा राहतो. प्रेक्षणस्थळाची रचना ही खरं तर पायांची आखणी असते. गेली तीसेक वर्षं ही आखणी नॉर्वेनं नेटानं केली आहे.

रस्ते खात्याचा उद्योग

तिथं हे काम सांभाळतं ते सार्वजनिक रस्ते खातं. १९९०च्या दशकात मोजक्या रस्त्यांवर प्रयोग झाले. आज पश्चिमेच्या फ्योर्डांपासून उत्तरेच्या आर्क्टिक किनाऱ्यापर्यंत १८ राष्ट्रीय निसर्गमार्ग आहेत. वाटेतले सज्जे, वाहनतळ, बाकं, अगदी स्वच्छतागृहंसुद्धा वास्तुविशारदांकडून आखून घेतली जातात, आणि त्यांत तरुणांना आवर्जून संधी मिळते. सोग्नफ्येल मार्गावरच्या लियासांदेन या थांब्याचं उदाहरण घ्या. वाहनतळासाठी जंगल साफ करण्याऐवजी येन्सेन आणि स्कोदविन यांनी झाडांमधल्या मोकळ्या जागांतच गाड्या उभ्या राहतील अशी सोय केली, आणि धक्का लागू नये म्हणून खोडांना दोर गुंडाळले.

रोंदाने पर्वतरांगेसमोरचं सोलबर्ग स्थळ याच वळणाचं. हाराल्द सोलबर्ग या चित्रकाराचं १९१४ सालचं ‘रोंदानेतली हिवाळी रात्र’ हे चित्र नॉर्वेत घरोघरी ठाऊक आहे. त्याच परिसरात कार्ल-व्हिगो होल्मेबाक यांनी बांधलेला काँक्रीटचा सज्जा पाइनच्या झाडांना वळसे घालत जातो. नकाशावर आधी झाडं मांडली गेली, सज्ज्याचा आकार त्यांच्यामध्ये उरलेल्या जागेनं ठरवला.

आउरलांद फ्योर्डावर मात्र याच्या उलट धिटाई दिसते. टॉड सॉन्डर्स आणि टॉमी विल्हेल्मसेन यांचा २००६ मधला स्टेगास्टाइन सज्जा पाण्यापासून सुमारे ६५० मीटर उंचीवर, डोंगरउतारापासून ३० मीटर पुढं झेपावतो. रुंदी फक्त ४ मीटर. पोलादी सांगाड्यावर पाइनच्या लाकडाचं आवरण आहे आणि टोकाला ते खाली वळून दरीत उतरतं. तिथं आडवी येते ती फक्त एक तिरकी काच. इथं लपवाछपवी नाही, तरी डोंगराला हात लागला आहे तो रस्त्याकडच्या बाजूला. पुढचा उतार आणि त्यावरची झाडं जशीच्या तशी आहेत. जमिनीला कमीत कमी ठिकाणी टेकायचं, हा या रचनेतला खरा संयम.

व्हॉरिंगफॉसेन हा १८२ मीटरचा धबधबा. कड्यावरून घसरून माणसं दगावल्याचे प्रसंग तिथं घडले होते. होल्मेबाक यांनी दोन्ही काठांवर कठडे आणि वाटा आखल्या, आणि २०२० मध्ये ९९ पायऱ्यांचा पूल घळईवर बसवला. ‘पुढे जाऊ नये’ अशी पाटी वाचून कुणी थांबत नाही. पुढं जाण्याची सुरक्षित वाट दिली, तर धोक्याची वाट आपोआप ओस पडते.

सज्जाच जेव्हा तमाशा होतो

याच काळात जगात दुसरी एक परंपरा फोफावली. २००७ मध्ये ग्रँड कॅन्यनच्या पश्चिमेकडे, हुआलापाय आदिवासींच्या भूमीवर, काचेचा नालाकृती स्कायवॉक उघडला. कड्यापासून तो सुमारे २१ मीटर बाहेर जातो. चीनमधल्या झांगज्याज्ये इथं २०१६ साली ४३० मीटर लांबीचा काचेचा पूल खुला झाला आणि गर्दी न पेलल्यानं दोन आठवड्यांच्या आत तात्पुरता बंद करावा लागला. अशा जागी माणूस दरी पाहायला कमी आणि स्वतःची भीती अनुभवायला जास्त येतो. त्यातून तिथल्या समाजाला उत्पन्न मिळतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण काचेखालची दरी कोणतीही चालते. स्टेगास्टाइन उचलून दुसरीकडं नेता येणार नाही.

सह्याद्रीचं गणित वेगळं

महाराष्ट्रातही आता हे वारं आलं आहे. चिखलदऱ्यात सिडकोनं ४०७ मीटरचा स्कायवॉक हाती घेतला. लोणावळ्याच्या टायगर आणि लायन्स पॉइंट परिसरात काचेच्या स्कायवॉकची घोषणा झाली. त्याआधी आपल्या दगडाकडे नीट पाहायला हवं.

दख्खनचा कातळ एकसंध नाही. लाव्हाच्या थरांवर थर, काही थरांमध्ये मऊ लाल मातीचे पट्टे. मऊ थर पावसानं आतून झिजतो आणि वरचा टणक कातळ अधांतरी राहतो. नेमक्या त्या बाहेर आलेल्या टोकावर सज्ज्याला धरून ठेवणारे नांगर रोवण्याचा मोह होतो. माथेरान-महाबळेश्वरच्या माथ्यावर तर जांभा आहे, सच्छिद्र आणि पाणी मुरवणारा. नॉर्वेचा कातळ टणक, तरीही ट्रोलस्टिगन हा ११ वळणांचा घाट २०२४ मध्ये दरडींमुळे बंद करावा लागला. रायउल्फ रामस्ताद यांनी २०१२ मध्ये पूर्ण केलेले तिथले देखणे सज्जे शाबूत असूनही घाटातून तिथवर गाडी जाईना.

त्या सज्ज्यांतलं कॉर्टेन पोलाद आपल्याकडे मुद्दाम आणायची घाई नको. त्याच्यावर धरणारा गंजाचा घट्ट थरच आतल्या धातूला जपतो, पण त्यासाठी ते भिजून पुन्हा सुकावं लागतं. घाटमाथ्यावर चार महिने धुकं आणि पाऊस हटत नाही. कोकणच्या बाजूला खारा वारा. तिथं हा थर नीट धरत नाही. सड्यांवर तर मातीचा थर बोटभर. पावसाळ्यात फुलणारं सगळं त्यावर जगतं, आणि एका हंगामातली तुडवातुडव ते संपवायला पुरते.

नॉर्वेकडून साहित्य घेऊ नये, प्रश्न घ्यावेत. एका वेळी किती माणसं थांबतील? ती गाडीतून उतरल्यापासून कोणत्या वाटेनं चालतील? पाणी कुठून वाहतं आणि ते अडणार तर नाही ना? नांगराखालच्या थराची तपासणी पावसाळ्यानंतर झाली का? पन्नास वर्षांनी हे काढायचं ठरलं, तर कड्यावर काय उरेल? आज आपल्या निविदांची सुरुवात लांबी-उंचीच्या विक्रमापासून होते. या पाच प्रश्नांची लेखी उत्तरं दिल्याशिवाय एकही निविदा निघू नये, एवढा नियम केला तरी अर्ध्या स्कायवॉकांची गरज कागदावरच संपेल. उरलेले मात्र बेलाशक बांधावेत.