माझगावचं चिनी देऊळ

मीरा रोडच्या शांतीनगरमध्ये संध्याकाळी सेक्टरांमधल्या रस्त्यांवर चायनीजच्या गाड्या लागतात. मंचुरियन, चायनीज भेळ, ट्रिपल शेजवान ही नावं इथल्या पोरांना पाठ आहेत. पण यातलं बरंचसं भारतातच जन्मलेलं आहे. मंचुरियनचं श्रेय कोलकात्याहून मुंबईला आलेल्या नेल्सन वाँग यांना दिलं जातं. ७०च्या दशकात क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या स्वयंपाकघरात त्यांनी तो पहिल्यांदा केला, असं सांगतात. खरी चिनी संस्कृती आणि चिनी माणसांचा वारसा पाहायचा असेल तर पासपोर्ट लागत नाही. मीरा रोडहून लोकल पकडावी, अंधेरीला उतरून हार्बरची सीएसएमटी गाडी धरावी आणि माझगावातल्या डॉकयार्ड रोडला उतरावं.

स्टेशनला लागूनच भंडारवाड्याची टेकडी आहे. तिच्यावरच्या बागेला लोकमान्य टिळकांचे सहकारी जोसेफ बाप्टिस्टा यांचं नाव आहे. आधी तिथे चढावं. वरून गोदीच्या क्रेन आणि बोटी दिसतात आणि चिनी माणसं मुंबईत याच भागात का वसली, हे न सांगता कळतं. ती आली समुद्रातून. कुणी खलाशी होते, कुणी बोटींवरचे सुतार. जिथे बोट लागते, तिथेच बिऱ्हाड थाटायचं, असा साधा हिशेब होता.

टेकडी उतरून नवाब टँक रोडला लागलं की इथून पुढे माहितगार माणूस सोबत हवा. वारसाफेरी काढणारे गट मुंबईत आता बरेच आहेत, त्यांपैकी माझगाव नीट ठाऊक असलेला वाटाड्या निवडावा. कारण सी यिप कून हे मुंबईतलं एकमेव चिनी देऊळ बाहेरून देऊळ वाटतच नाही. कळस नाही, पुढे प्रशस्त अंगण नाही. एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर हे देवस्थान आहे आणि ठाऊक नसलेला माणूस त्याच्यासमोरून सरळ पुढे निघून जातो.

देऊळ १९१९ मध्ये उभं राहिलं. दक्षिण चीनमधल्या ग्वांगडाँग प्रांतातल्या चार शेजारी परगण्यांतून आलेल्या लोकांनी ते बांधलं. परक्या बंदरात उतरलेल्या गाववाल्याला पाठ टेकायला जागा, ओळखीची भाषा आणि घरचा देव मिळावा म्हणून गाववाल्यांची अशी मंडळं आणि देवळं चिनी लोकांनी जगभरच्या बंदरांत काढली. कोकणातून गिरणीत आलेल्या चाकरमान्यांसाठी गिरणगावात गावकऱ्यांच्या खोल्या असत, त्याच मायेची ही व्यवस्था.

जिना चढून वर गेलं की लाल आणि सोनेरी रंगाने डोळे भरून जातात. मुख्य देव ग्वान गाँग. हा पुराणातला नव्हे, इतिहासातला माणूस. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस हान साम्राज्य मोडकळीला आलं, त्या धामधुमीत लढलेला ग्वान यू हा सेनापती इसवी सन २२०च्या सुमारास मारला गेला. दिलेला शब्द न मोडणारा म्हणून लोकांनी त्याला पुढे देवपण दिलं. तांबडा चेहरा, लांब दाढी आणि हातात लांब दांड्याची तलवार ही त्याची ओळख. घरदार सोडून समुद्रावर गेलेल्या, एकमेकांच्या शब्दावरच सगळा व्यवहार चालवणाऱ्या माणसांनी हाच देव का निवडला असेल, याचा विचार करत त्या मूर्तीपुढे थोडा वेळ उभं राहावं. इथे करुणेची देवी ग्वानयिन हिचंही ठाणं आहे.

देवापुढे बांबूच्या काड्यांनी भरलेलं नळकांडं असतं. मनात प्रश्न धरून ते हलवत राहायचं. एक काडी बाहेर पडते. तिच्यावरच्या आकड्याची चिठ्ठी काढून उत्तर वाचायचं. आपल्याकडे कोकणात देवाला कौल लावतात, तो ज्याने पाहिला आहे त्याला या विधीत परकं काही वाटणार नाही. पितरांसाठी कागदी नोटा जाळायच्या, उदबत्त्या लावायच्या, फळं ठेवायची, हेही आपल्या ओळखीचंच. चिनी नववर्ष २१ जानेवारी ते २० फेब्रुवारीच्या दरम्यान अमावास्येला येतं. त्या वेळी शहरात उरलेली चिनी कुटुंबं इथे जमतात.

ही कुटुंबं आता फार थोडी आहेत. एके काळी मुंबईत चिनी दंतवैद्य होते, चपला-बूट करणारे होते, पाठीवर रेशमाचं गाठोडं घेऊन दारोदार फिरणारे होते. कुलाब्याच्या नानकिंगसारखी उपाहारगृहं मुंबईकरांच्या तोंडी होती. १९६२च्या भारत-चीन युद्धाने हे सगळं उसवलं. चिनी वंशाच्या सुमारे ३,००० माणसांना राजस्थानातल्या देवली इथल्या छावणीत डांबण्यात आलं. त्यांतले बहुतेक आसाम आणि आसपासच्या भागातले होते. पण संशयाची झळ देशभरच्या चिनी घरांना लागली. पोलिसांत नोंद, हजेरी, फिरण्यावर बंधनं. इथेच जन्मलेल्या, इथलीच भाषा बोलणाऱ्या माणसांना शत्रू ठरवलं गेलं. पुढे कितीतरी कुटुंबं कॅनडा, ऑस्ट्रेलियाकडे निघून गेली. हा अन्याय होता, आणि माझगावच्या फेरीत तो स्पष्ट शब्दांत सांगितला गेला पाहिजे. रंगीत कंदील दाखवून हे प्रकरण झाकणारी फेरी माझ्या मते अर्धीच.

परतीच्या वाटेवर जे. जे. रुग्णालयाकडे पाहायला विसरू नका. ते ज्यांच्या नावाचं आहे, त्या सर जमशेटजी जीजीभॉय यांनी तरुणपणी चीनच्या सफरी केल्या आणि कापूस व अफूच्या व्यापारात अमाप पैसा मिळवला. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनमधल्या कँटनला जाई. रुग्णालय, कलाशाळा अशा दानांनी या शहराचं भलं केलं, पण त्या संपत्तीचा एक झरा चिनी घरांच्या उद्ध्वस्त होण्यातून आला, हेही तितकंच खरं. त्याच बोटींतून पारशी घरांत गारा साड्या आल्या. रेशमावर क्रौंच, कमळं, पॅगोडे भरलेलं ते चिनी भरतकाम.

मुलं सोबत असतील तर पुढे सीएसएमटीला उतरून छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जावं. सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहातल्या चिनी वस्तू तिथे पाहायला मिळतात. आणि मुलांना डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची गोष्ट सांगावी. सोलापूरचा हा मुलगा परळच्या शेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात शिकला. १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून तो मुंबईहून चीनला गेला. जपानी आक्रमणात जखमी झालेल्या चिनी सैनिकांवर त्याने शस्त्रक्रिया केल्या, तिथल्याच ग्वो छिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या ३२व्या वर्षी तिथेच प्राण सोडला. आज सोलापुरात डॉ. कोटणीसांचं स्मारक आहे. चिनी माणसं माझगावात देव घेऊन आली आणि एक मराठी डॉक्टर चीनच्या मातीत विसावला. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी मुलांच्या कानावर पडाव्यात.

शांतीनगर आणि आसपासच्या शाळांनी वर्षातून एक सहल या वाटेवर न्यावी, अशी मनापासून विनंती आहे. खर्च लोकलच्या तिकिटाएवढा आणि वाटाड्याच्या मानधनाएवढा. मात्र सी यिप कून हे प्रदर्शन नव्हे, ते चालतं देऊळ आहे आणि त्याची देखभाल मोजकी माणसं करतात. आधी कळवून जा, गट लहान ठेवा, विचारल्याशिवाय फोटो काढू नका आणि निघताना दानपेटीत यथाशक्ती काही टाका.