शीत हवामानातील वापरलेली विद्युत मोटार : नॉर्वेच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

विद्युत मोटारींच्या प्रसाराची चर्चा बहुधा नव्या मोटारींच्या विक्रीभोवती फिरते. या चर्चेत नॉर्वे हा देश नेहमीच अग्रभागी असतो. तेथे २०२४ या वर्षात विकल्या गेलेल्या नव्या प्रवासी मोटारींपैकी ८८.९ टक्के मोटारी संपूर्णतः विजेवर चालणाऱ्या होत्या आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबर महिन्यात देशातील नोंदणीकृत विद्युत मोटारींची संख्या पेट्रोल मोटारींच्या संख्येपेक्षा अधिक झाली. परंतु नवी मोटार काही वर्षांतच जुनी होते व दुसऱ्या, तिसऱ्या मालकाकडे जाते. या दुसऱ्या-तिसऱ्या मालकाचा हिवाळा कसा जातो, याचा विचार विक्रीच्या आकडेवारीत येत नाही. प्रस्तुत लेखात तो विचार केला आहे. उदाहरणादाखल निसान लीफ ही गाडी घेतली आहे. ती २०११ पासून युरोपात विकली जाऊ लागली, २०१८ मध्ये ती नॉर्वेत सर्वाधिक खपाची नवी मोटार ठरली आणि तिच्या पहिल्या पिढीतील गाड्या आता जुन्या बाजारात मुबलक आहेत.

एका चार्जिंगमध्ये गाडी जितके अंतर कापते त्यास येथे 'पल्ला' म्हटले आहे. बॅटरीतील ऊर्जा किलोवॅट-तासांत मोजतात. आपल्या वीजबिलावरील 'युनिट' म्हणजे तोच एक किलोवॅट-तास होय. म्हणून पुढील सर्व हिशेब युनिटमध्येच दिला आहे.

पार्श्वभूमी :

नॉर्वेतील विद्युत मोटारींना १९९० पासून खरेदीवेळच्या आयात-नोंदणी करातून आणि २००१ पासून मूल्यवर्धित करातून सूट मिळत गेली. त्या देशातील सुमारे नऊ-दशांश वीज जलविद्युत असल्याने या धोरणामागे आर्थिक व पर्यावरणीय अशी दोन्ही कारणे होती. लीफ येण्यापूर्वी तेथील रस्त्यांवर थिंक ही देशी छोटी गाडी होती, तसेच बंगळूरू येथे तयार झालेली रेवा ही गाडीही होती. भारतीय बनावटीची ती चिमुकली मोटार नॉर्वेच्या बर्फात धावली, ही बाब आपल्याकडे फारशी नोंदली गेलेली नाही.

नॉर्वेची थंडी मात्र सर्वत्र सारखी नाही. समुद्राच्या उबदार प्रवाहामुळे किनाऱ्यावरील बर्गेन शहराचे जानेवारीतील सरासरी तापमान शून्याच्या वर राहते, तर उत्तरेकडील अंतर्भागात कारास्योक येथे १८८६ मध्ये उणे ५१.४ अंश सेल्सिअस या देशातील नीचांकी तापमानाची नोंद झाली. राजधानी ओस्लो या दोहोंच्या मध्ये येते. तेथे उणे दहा अंशांची सकाळ ही हिवाळ्यातील नेहमीची गोष्ट असल्याने पुढील विवेचनात तेच तापमान गृहीत धरले आहे.

थंडीत बॅटरीचे काय होते :

लिथियम-आयन बॅटरीत लिथियमचे आयन एका विद्युतअग्राकडून दुसऱ्याकडे द्रावणातून प्रवास करतात. तापमान उतरले की हे द्रावण घट्ट होते, आयनांची गती मंदावते, विद्युतअग्राच्या पृष्ठभागावरील क्रियाही मंद होते; परिणामी बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो. साठवलेली काही ऊर्जा बॅटरीतच उष्णतेच्या रूपाने खर्ची पडते व काही हाती येण्यापूर्वीच नियंत्रक यंत्रणा 'बॅटरी संपली' असे घोषित करते. ही ऊर्जा नष्ट झालेली नसते. गाडी उबदार जागी आली की ती पुन्हा उपलब्ध होते.

चार्जिंगच्या बाबतीत प्रश्न अधिक नाजूक आहे. गारठलेल्या बॅटरीत वेगाने वीज भरल्यास आयन ग्राफाइटच्या थरांत शिरण्याऐवजी त्याच्या पृष्ठभागावर धातुरूप लिथियमचा थर बनवतात आणि ही हानी कायमची असते. ती टाळण्यासाठी नियंत्रक यंत्रणा भरण्याचा वेग स्वतःच कमी करते. म्हणून जलद चार्जिंग केंद्रावर उन्हाळ्यात अर्ध्या तासात होणारे काम हिवाळ्यात तासाहून अधिक वेळ घेऊ शकते. उतारावर वा वेग कमी करताना चलित्र जनित्रासारखे फिरून जी वीज परत मिळवते, तीही याच कारणाने थंड बॅटरीला पूर्णपणे स्वीकारता येत नाही.

लीफच्या बॅटरीला द्रवाने थंड वा उबदार राखण्याची यंत्रणा नाही. थंड प्रदेशासाठीच्या गाड्यांत एक लहान उष्णक असतो. तो बॅटरीचे तापमान सुमारे उणे सतरा अंशांपर्यंत उतरल्यावर चालू होतो व उणे दहाच्या आसपास बंद होतो. म्हणजे त्याचे काम बॅटरी गोठू न देण्याचे आहे, तिला कार्यक्षम तापमानात ठेवण्याचे नव्हे. जुनी लीफ घेणाऱ्यांचा या उष्णकाविषयी अनेकदा गैरसमज होतो.

उष्णतेचा हिशेब :

आतापर्यंतचे विवेचन वाचून पल्ल्यातील घटीचे मुख्य कारण बॅटरीचे रसायनशास्त्र आहे, असे वाटणे स्वाभाविक आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत लीफसह पाच विद्युत मोटारी सुमारे उणे सात अंश तापमानात तपासण्यात आल्या. गाडीतील उष्णक बंद असताना पल्ला सरासरी १२ टक्क्यांनी घटला. उष्णक चालू असताना तीच घट ४१ टक्के झाली. थोडक्यात, थंडीत ऊर्जेचा मोठा वाटा गाडी उबदार ठेवण्यात जातो.

पेट्रोल इंजिन इंधनातील ऊर्जेपैकी साधारण चौथा ते तिसरा हिस्साच चाकांकडे पोचवते. उरलेली ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. हिवाळ्यात गाडीच्या आत येणारी ऊब ही या वाया जाणाऱ्या उष्णतेतूनच मिळते, म्हणून चालकाला तिचा हिशेब कधी ठेवावा लागला नाही. विद्युत चलित्र मात्र जवळजवळ नऊ-दशांश ऊर्जा गतीत रूपांतरित करते. त्याच्याजवळ फुकट देण्याजोगी ऊब फारशी उरत नाही, ती बॅटरीतूनच निर्माण करावी लागते. चलित्राची कार्यक्षमताच हिवाळ्यात गैरसोय ठरावी, हा एक विरोधाभासच म्हणावा लागेल.

ही ऊब किती महाग पडते? आपल्याकडील न्हाणीघरातील गिझर साधारणतः २ किलोवॅटचा असतो. गारठलेली गाडी प्रथम तापवताना तिचा उष्णक अशा दोन गिझरांएवढी किंवा त्याहून अधिक वीज घेतो. नंतर तो मंदावतो. लीफच्या पहिल्या दोन वर्षांच्या गाड्यांत साधा विद्युत उष्णकच होता. २०१३ पासून वरच्या श्रेणीच्या गाड्यांत हीट पंप आला. हा पंप बाहेरच्या हवेतील उष्णता आत ओढतो. त्यामुळे एका युनिटमध्ये दोन-तीन युनिटांची ऊब मिळते. तीव्र थंडीत हा लाभ घटत जातो, तरीही जुनी गाडी निवडताना हीट पंप आहे की नाही, हा प्रश्न रंग किंवा सजावटीपेक्षा कितीतरी महत्त्वाचा आहे. याउलट आसनातील व सुकाणूतील उष्णकांना शंभर वॅटच्या आसपासच वीज लागते. म्हणून जुन्या लीफचे मालक जाड कोट अंगावर ठेवून, आसन तापवून व हवेचा उष्णक शक्य तितका बंद ठेवून प्रवास करतात. मात्र समोरच्या काचेवर आतून दव धरू लागले की काटकसरीला मर्यादा पडते. दृष्टी अडवून वीज वाचवता येत नाही.

येथे आणखी एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. चाके अंतरानुसार ऊर्जा खातात, तर उष्णक वेळेनुसार. एक गृहीत उदाहरण घेऊ. २०१३ ची लीफ, बॅटरी कागदोपत्री २४ युनिटांची, नवेपणी प्रत्यक्ष वापरता येणारी सुमारे २१. वयोमानाने पाव क्षमता गेली असे धरल्यास उरतात १६ युनिटे. उन्हाळ्यात १०० किलोमीटरला १५ युनिटे लागली तर पल्ला सुमारे १०५ किलोमीटर होतो. आता उणे दहा अंश घेऊ. बॅटरी १४ युनिटेच देते. थंड हवा दाट असते (उणे वीस अंशांची हवा वीस अंशांच्या हवेपेक्षा सुमारे १६ टक्के अधिक दाट असते), टायर कडक होतात, रस्त्यावर बर्फाचा चिखल असतो. म्हणून चाकांना १०० किलोमीटरला १९ युनिटे लागतात असे मानू. उष्णक सरासरी २ किलोवॅट घेतो. ताशी ४० किलोमीटर वेगाने १०० किलोमीटरला अडीच तास, म्हणजे उबेची आणखी ५ युनिटे लागतात. एकूण २४, पल्ला ५८ किलोमीटर. हिमवर्षावामुळे वाहतूक ताशी २० किलोमीटरवर आली तर उबेचा खर्च दुप्पट होऊन एकूण २९ युनिटे होतात आणि पल्ला ४८ वर येतो. रस्ता तोच, गाडी तीच, तरी दहा किलोमीटर वाटेतील खोळंब्यात संपतात.

नॉर्वेच्या मोटारचालक संघटनेने २०२० मध्ये वीस नव्या विद्युत मोटारींची हिवाळी चाचणी घेतली, तेव्हा अधिकृत पल्ल्यापेक्षा सरासरी घट १८.५ टक्के आढळली. हा आकडा दिलासादायक आहे, परंतु तो सलग लांब प्रवासाचा आहे. तेथे गाडी एकदाच तापवावी लागते. मुलाला शाळेत सोडणे, कामावर जाणे, परतताना किराणा घेणे अशा तुकड्यातुकड्यांच्या प्रवासात गाडी प्रत्येक थांब्यावर गार होते व प्रत्येक वेळी पुन्हा तापवावी लागते. दैनंदिन जीवन हे अशा तुकड्यांचेच असते.

जुनेपणाची घट :

थंडीने झालेली घट तात्पुरती असते. वयाने झालेली घट परत येत नाही. लीफच्या दर्शकपटावर बॅटरीची क्षमता बारा पट्ट्यांनी दाखवली जाते. पहिली पट्टी सुमारे १५ टक्के क्षमता गेल्यावरच विझते. त्यामुळे बाराही पट्ट्या पेटलेल्या म्हणजे बॅटरी नवी, असा अर्थ होत नाही. २४ युनिटांच्या गाड्यांना नऊ पट्ट्यांखाली जाऊ न देण्याची जी हमी होती ती पाच वर्षांची वा १ लक्ष किलोमीटरांची होती व ती केव्हाच संपली आहे. चाणाक्ष ग्राहक गाडीच्या निदान-जोडणीला छोटे उपकरण लावून 'लीफ स्पाय' या मोबाइल प्रणालीद्वारे उरलेली क्षमता टक्क्यांत पाहतो. दर्शकावरील अंदाजित पल्ला मात्र अलीकडच्या खपावरून काढलेला असतो. जुलैमध्ये गाडी पाहणाऱ्यास तो जुलैचाच आकडा दाखवतो.

बॅटरीच्या आयुष्याच्या दृष्टीने थंडी हितकारक आहे, हे मात्र नमूद केले पाहिजे. बॅटरी झिजवणाऱ्या रासायनिक क्रिया उष्णतेत वेग घेतात. अमेरिकेतील अ‍ॅरिझोना या तप्त राज्यात २०१२ मध्ये अवघ्या एक-दोन वर्षांच्या लीफ गाड्यांची क्षमता लक्षणीय घटल्याच्या तक्रारी झाल्या आणि त्यानंतर कंपनीने वर उल्लेखिलेली क्षमतेची हमी लागू केली. नॉर्वेतील त्याच वयाची गाडी तुलनेने सुस्थितीत असते. विदर्भातील उन्हाळ्यात जुनी विद्युत मोटार घेऊ पाहणाऱ्यास या प्रकरणातून नॉर्वेपेक्षा अ‍ॅरिझोनाचाच धडा अधिक उपयोगी पडेल.

जुनेपणाबरोबर काही सोयीही गळून पडतात. घरात बसून मोबाइलवरून गाडी तापवण्याची सोय ज्या दूरसंचार जाळ्यावर अवलंबून होती ते जाळेच बंद झाल्याने अमेरिकेतील सुरुवातीच्या लीफ २०२२ मध्ये या सोयीला मुकल्या. ब्रिटनमध्ये २०२४ मध्ये तसेच घडले. गाडीतील वेळ लावून ठेवण्याची व्यवस्था मात्र शाबूत राहते. आणखी एक सामान्य बाब म्हणजे विद्युत मोटारीतही दिवे, कुलुपे व संगणक चालवणारी १२ व्होल्टची लहान बॅटरी असते आणि कडाक्याच्या सकाळी गाडी 'मेली' असे वाटते तेव्हा पुष्कळदा हीच बॅटरी बसलेली असते.

रात्रीच्या जोडणीचा प्रश्न :

वरील गणिताला एक उतारा आहे आणि तो स्वस्त आहे. गाडी रात्रभर विजेला जोडून ठेवावी, चार्जिंग पहाटे निघण्याच्या सुमारास संपेल अशी वेळ लावावी, व आतील भाग जोडणीवर असतानाच तापवावा. असे केल्याने तापवण्याचा पहिला, सर्वांत मोठा खर्च घरच्या विजेवर पडतो व चार्जिंगमुळे बॅटरीही थोडी उबदार राहते. जुन्या गाडीची बॅटरी लहान असल्याने यासाठी विशेष यंत्रणाही लागत नाही. घरगुती जोडणीतून ताशी २ युनिटे मिळाली तरी १६ युनिटे आठ तासांत भरतात. नॉर्वेच्या लोकांना ही सवय नवी नाही. पेट्रोल गाड्यांचे इंजिन हिवाळ्यात गोठू नये म्हणून रात्री विजेची तार जोडण्याची रीत त्या देशांत जुनीच आहे.

परंतु हा उतारा ज्याच्या घराला अंगण वा स्वतःची वाहनजागा आहे त्याच्यासाठीच स्वस्त आहे. सदनिकांत राहणाऱ्यांसाठी नॉर्वेत २०१८ पासून अमलात आलेल्या कायद्याने चार्जिंगची जोडणी बसवण्याचा हक्क दिला. सयुक्तिक कारणाशिवाय व्यवस्थापक मंडळाला ती नाकारता येत नाही. ज्याची गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहते त्याला या हक्काचा उपयोग नाही. ओस्लो महापालिकेने २००८ पासून रस्त्यांवर चार्जिंगच्या जागा उभारल्या, तरी तेथे रोज रात्री तीच जागा मिळेल याची शाश्वती नसते. उरते ते जलद चार्जिंग केंद्र. ते घरापेक्षा महाग असते, गारठलेल्या बॅटरीला तेथे अधिक वेळ लागतो आणि लीफची शाडेमो ही जोडणी-पद्धती युरोपात मागे पडत चालल्याने नव्या केंद्रांवर ती मिळेलच असे नाही.

स्वस्त गाडीची गरज असणारा आणि स्वतःची वाहनजागा नसणारा, हे दोघे अनेकदा एकच असतात. ओस्लोच्या उपनगरातून पंचवीस किलोमीटरवर कामाला जाणाऱ्या अशा दोन शेजाऱ्यांनी वर वर्णिलेली लीफच घेतली असे मानू. जाऊन-येऊन पन्नास किलोमीटर होतात. एकाची गाडी सकाळी तापलेली व भरलेली असते. त्याच्या ५८ किलोमीटरांच्या पल्ल्यात प्रवास जेमतेम बसतो. दुसऱ्याची गाडी रस्त्यावर रात्र काढते. काचेवरचा बर्फ खरवडून ती सुरू करताच साधारण एक युनिट, म्हणजे चार किलोमीटर, जागेवरच खर्ची पडतात आणि संध्याकाळी परतताना पुन्हा तितकेच. त्याचा पन्नास किलोमीटरांचा रस्ता पन्नास किलोमीटरांच्या पल्ल्यावर येऊन ठेपतो. ज्या दिवशी बर्फ पडेल त्या दिवशी त्याला कामावर बसनेच जावे लागते.