जुन्या मोटारीचे दिवे आणि नवा प्रकाश

आपल्या सभासदांपैकी अनेकांच्या घरी एखादी जुनी मोटार अद्याप प्रेमाने सांभाळलेली आढळते. उत्तरपाडा येथील कारखान्यात १९५८ पासून २०१४ पर्यंत तयार झालेली अँबेसेडर, मुंबईस कुर्ल्याच्या कारखान्यातील प्रीमिअर पद्मिनी, अथवा १९८३ च्या डिसेंबरात प्रथम रस्त्यावर आलेली मारुती ८००, यांची ओळख ज्येष्ठ वाचकांस करून देण्याचे कारण नाही. या मोटारी दिवसा अजूनही उत्तम चालतात; परंतु रात्र पडली की त्यांच्या पुढच्या दिव्यांचा मंद, पिवळट उजेड मालकास खटकू लागतो. नव्या मोटारी शुभ्र प्रकाश टाकीत शेजारून निघून जातात, आणि घरातील तरुण मंडळी म्हणू लागतात, "बाबा, जुने बल्ब काढून एलईडी बसवून घ्या. पाच मिनिटांचे काम आहे."

काम पाच मिनिटांचे आहे, हे खरेच. तथापि त्याचा परिणाम आपल्या मोटारीपुरता राहत नाही. तो समोरून येणाऱ्या अनोळखी माणसाच्या डोळ्यांपर्यंत पोहोचतो. लातूर, उदगीर, निजामाबाद येथील बाजारपेठांसाठी ज्यांना रात्री-अपरात्री प्रवास करावा लागतो, त्यांनी तरी ही गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. प्रस्तुत लेखक धान्याचा व्यापारी आहे, यंत्रशास्त्राचा पदवीधर नव्हे. म्हणून विषय शक्य तितक्या साध्या शब्दांत मांडावयाचे योजिले आहे.

प्रथम जुन्या दिव्याची रचना पाहू. पूर्वीच्या मोटारींत साध्या टंग्स्टन तारेचे बल्ब असत. १९६२ साली युरोपात मोटारीसाठी पहिला हॅलोजन बल्ब आला आणि १९७१ च्या सुमारास एकाच काचेत दोन तारा असलेला एच-४ हा बल्ब प्रचारात आला. आपल्याकडील बहुतेक जुन्या मोटारींत आज हाच बल्ब दिसतो. त्यावर '६०/५५ वॅट' असे लिहिलेले असते. पहिला आकडा लांबवर झोत टाकणाऱ्या अप्परचा, दुसरा खाली झुकलेल्या डिपरचा.

डिपरच्या तारेखाली धातूची एक इवलीशी वाटी बसविलेली असते. या वाटीमुळे तारेचा उजेड दिव्यातील आरशाच्या केवळ वरच्या भागावर पडतो आणि तेथून परावर्तित होऊन खाली रस्त्यावर जातो. वर उसळू पाहणारा उजेड ती वाटी अडवून धरते. वाटीची एक कड किंचित तिरपी कापलेली असते. आपल्या देशात वाहने डावीकडून चालतात. म्हणून आपल्या मोटारींच्या दिव्यांतून डाव्या कडेला थोडा अधिक लांब आणि समोरून येणाऱ्याच्या बाजूस आखूड असा उजेड पडावा, अशी ही योजना आहे. तार, वाटी, आरसा आणि पुढची काच ही चारही अंगे परस्परांचे माप घेऊन घडविलेली असतात. तार एखाद्या मिलिमीटरने जरी सरकली तरी झोताचा आकार बिघडतो.

आता एलईडीकडे वळू. १९६२ सालीच अमेरिकेत निक होलोन्याक यांनी डोळ्यांस दिसणारा तांबडा प्रकाश देणारा एलईडी तयार केला. पांढऱ्या प्रकाशासाठी निळ्या एलईडीची आवश्यकता होती. तो सिद्ध करण्याबद्दल इसामु अकासाकी, हिरोशी अमानो व शुजी नाकामुरा या तिघांस २०१४ सालचे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. या निळ्या प्रकाशावर पिवळ्या द्रव्याचा थर दिला की पांढरा उजेड मिळतो. त्याचे गुण निर्विवाद आहेत. वीज थोडी लागते, आयुष्य दीर्घ असते, आणि धक्क्याने तुटावयास तारच नसते. घरात, दुकानात, गोदामात आपण सर्वांनी तो स्वीकारला आहे, आणि ते योग्यच झाले.

मग जुन्या हेडलाइटमध्येच अडचण कोणती? पहिली अडचण आकाराची. हॅलोजनची तार बारीक असून सर्व बाजूंस प्रकाश देते. एलईडीच्या चपट्या टिकल्या एका पट्टीच्या दोन्ही अंगांस चिकटविलेल्या असतात. त्यामुळे उजेड नेमक्या त्याच स्थानातून, त्याच रीतीने निघत नाही. पट्टी जाड असली, अथवा बसविताना थोडी फिरली, तर डिपरची वरची रेघ पुसली जाते आणि उजेड समोरच्याच्या डोळ्यांत शिरतो.

दुसरी अडचण उष्णतेची. हॅलोजन बल्ब आपली बरीचशी उष्णता उजेडाबरोबर पुढे फेकतो. एलईडीची उष्णता टिकलीच्या मागे साचते. ती काढून टाकण्यास धातूचे पंख अथवा छोटा पंखा लावतात. परंतु जुन्या दिव्याच्या पाठीमागे रबराची टोपी असते, आत हवा खेळत नाही, आणि इंजिनाचा ताप असतोच. हैदराबादच्या उन्हाळ्यात अशा कोंडलेल्या जागी एलईडी तापला की त्याचा उजेड उतरतो आणि आयुष्यही घटते.

तिसरी गोष्ट आकड्यांची, आणि ती व्यापाऱ्यास चटकन पटेल. एच-४ बल्बच्या डिपरचा उजेड सुमारे १००० ल्युमेन व अप्परचा सुमारे १६५० ल्युमेन असतो. बाजारातील काही एलईडींच्या डब्यांवर वीस वॅट विजेत दहा हजार ल्युमेन असे छापलेले असते. पांढरा एलईडी एका वॅटमागे साधारणतः शंभर ते दीडशे ल्युमेन देतो. वीस वॅटचा हिशेब दोन-तीन हजारांपलीकडे जात नाही. पोत्यावर काय छापले आहे यापेक्षा काट्यावर काय भरते ते पाहण्याची आपली सवय येथेही उपयोगी पडते.

यावर कोणी म्हणेल, "पण उजेड तर डोळ्यांना स्पष्ट जास्त दिसतो!" तो दिसतो हे खरे, परंतु बहुधा मोटारीच्या नाकासमोर. जवळचा रस्ता लख्ख झाला की डोळ्याची बाहुली आकुंचित होते आणि त्यापलीकडचा काळोख अधिकच दाट भासतो. वेगाने जाणाऱ्यास धोका ओळखावयाचा असतो तो दूरचा. पांढऱ्या-निळसर प्रकाशाने दिपण्याचा त्रासही अधिक होतो. साठी उलटलेल्यांच्या डोळ्यांतील भिंग धूसर होऊ लागलेले असते. मोतीबिंदूची सुरुवात असल्यास समोरचा झोत डोळ्यांत पसरतो आणि दृष्टी पुन्हा स्थिर होण्यास वेळ लागतो.

हा काही क्षणांचा आंधळेपणा किती महाग पडू शकतो, ते तेलंगणातील रस्ते जाणणाऱ्यास सांगावयास नको. यासंगीचे भात निघाले की शेतकरी ते डांबरी रस्त्याच्या अर्ध्या भागावर वाळत घालतात. रात्री त्याचे ढीग करून काळी ताडपत्री पसरतात आणि कडेला दगड ठेवतात. पुढे एखादी दिवे नसलेली ट्रॅक्टरची ट्रॉली उभी असते. आलेरजवळ कुलपाकजीकडे जाणाऱ्या वाटेवर पहाटेच्या अंधारात पायी चालणारी माणसे भेटतात. ताशी ७२ किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात वीस मीटर पुढे सरकते. समोरचा चालक तीन सेकंद दिपला तर साठ मीटर तो न पाहता गेला. त्या साठ मीटरांत कोण असेल, याचा विचार दिवा बदलणाऱ्याने केला पाहिजे.

कायद्याची दृष्टीही हीच आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार पुढच्या दिव्याचा झोत खाली वळलेला असावा आणि आठ मीटरांवर दीड मीटर उंचीवरील डोळे त्याने दिपू नयेत, अशी अपेक्षा आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मूळ रचनेतील फेरफारास मर्यादा घालते. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये अनुज्ञेय नसलेल्या प्रत्येक फेरफारास पाच हजार रुपये दंड, अथवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही सांगितली आहेत. जर्मनीत २०२० पासून हेडलाइटमध्ये बसविण्याच्या काही एलईडी बल्बांस मान्यता मिळू लागली. पण तीसुद्धा चाचणी झालेल्या ठराविक मोटारींपुरतीच, सरसकट नव्हे. बल्ब व दिवा यांची जोडी एकत्र तपासल्यावाचून तेथील अधिकारी समाधान मानीत नाहीत, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

तर मग मंद उजेड सोसावा काय? मुळीच नाही. जुन्या दिव्याचा उजेड बहुधा बल्बमुळे कमी झालेला नसतो. उपाय क्रमाने करावेत.

पहिला उपाय स्वच्छतेचा. दिव्याची काच आतून-बाहेरून पाहावी. आरशावरची चकाकी उडून तो काळवंडला असेल तर कोणताही बल्ब त्यात उजेड पाडणार नाही, दिवाच बदलावा. दुसरा उपाय विजेचा. अनेक जुन्या मोटारींत दिव्यांची सर्व वीज चाकाजवळच्या बटणातून व बारीक, गंजलेल्या तारांतून जाते. दोन दिव्यांचे मिळून ११० वॅट, म्हणजे सुमारे नऊ अँपिअर. बल्बपाशी विजेचा दाब दहा टक्के कमी पोहोचला तर हॅलोजनचा उजेड सुमारे तीस टक्के घटतो. चांगल्या इलेक्ट्रिशियनकडून बॅटरीपासून जाड तार, फ्यूज व रिले बसवून घ्यावेत आणि जमिनीची जोडणी घासून साफ करावी. एवढ्यानेच पुष्कळ मोटारींचे दिवे नव्यासारखे होतात. तिसरा उपाय नामांकित कंपनीच्या ६०/५५ वॅटच्या नव्या बल्बच्या जोडीचा. शंभर वॅटचे बल्ब घालू नयेत. त्याने सॉकेट वितळते आणि समोरचाही दिपतो.

चौथा उपाय झोत जुळविण्याचा. चाकांत हवा योग्य असावी आणि मोटार सपाट जागी गोदामाच्या भिंतीसमोर दहा मीटरांवर उभी करावी. डिपरच्या झोताची वरची रेघ दिव्याच्या मध्यापेक्षा सुमारे दहा सेंटिमीटर खाली यावी. मागे माल अथवा माणसे भरली की मोटारीचे नाक वर उचलते, हेही ध्यानी ठेवावे.

ज्यांना एलईडीच हवा, त्यांनी केवळ बल्ब न घेता एलईडीसाठीच घडविलेला, डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीचा, मान्यताप्राप्त संपूर्ण दिवा घ्यावा. सात इंची गोल दिव्यांच्या मोटारींत तो बसू शकतो. परदेशी माल घेताना विशेष जपावे, कारण उजवीकडून चालणाऱ्या देशांतील दिवा आपल्याकडे नेमका समोरच्याच्या बाजूस झोत फेकतो. बदल करण्यापूर्वी परिवहन कार्यालयाकडून खात्री करून घ्यावी. मोटारीच्या आतील दिव्यात मात्र एलईडी निःशंकपणे वापरावा. वळण दाखविणाऱ्या दिव्यांत एलईडी घातल्यास जुना फ्लॅशर भराभर लुकलुकतो, म्हणून फ्लॅशरही बदलावा लागतो. त्या दिव्यांचाही रंग व तेज नियमास धरून असले पाहिजे.

व्यापारात आपण स्वतःच्या नफ्याबरोबर गिऱ्हाइकाचे समाधान पाहतो, कारण दोन्ही टिकल्यावाचून पेढी टिकत नाही. रस्त्यावर आपले गिऱ्हाईक म्हणजे समोरून येणारा प्रत्येक जण. आपला दिवा आपल्याला वाट दाखवील आणि त्याचीही वाट हरवू देणार नाही, तोच खरा चांगला दिवा. येत्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक सभासदाने एका संध्याकाळी आपली मोटार गोदामाच्या भिंतीसमोर उभी करून एवढी तपासणी अवश्य करावी.